अपुऱ्या गुप्तवार्तेवर युद्धाचा निर्णय : इंदूरमधील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

रामबागेच्या परिसरातील एका मराठी वाचनालयाच्या सभागृहात गेल्या हिवाळ्यात, शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी, एक सशुल्क अभ्यासवर्ग चालला. शत्रुत्व बाळगणाऱ्या राष्ट्राविषयी हाती आलेली माहिती अपुरी, परस्परविरोधी किंवा संशयास्पद असताना त्याच्यावर लष्करी कारवाई करावी की करू नये, आणि हे कोणत्या कसोट्यांवर ठरवावे, एवढाच त्याचा विषय होता. महू येथील लष्करी प्रशिक्षण संस्थांत अध्यापन केलेले एक निवृत्त कर्नल तो शिकवतात. असा विषय सामान्य नागरिकांसाठी, तोही मराठीतून शिकवला जातो, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. पुढची तुकडी सुरू होण्यापूर्वी इच्छुकांना त्यातले बरेवाईट कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत प्रारंभीच नोंदवतो. वर्ग उत्तम आहे आणि शुल्क वाजवी आहे. परंतु भारतीय प्रकरणांना त्यात मिळालेली जागा फारच तोकडी आहे आणि एका प्रकरणाच्या मांडणीशी मी सहमत नाही.

वर्गाला निवृत्त बँक अधिकारी, काही प्राध्यापक, भंवरकुव्याच्या शिकवण्यांतून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलेमुली आणि ज्यांची मुले सैन्यात आहेत असे काही पालक होते. कर्नलसाहेबांची मराठी इंदुरी वळणाची आहे, मध्येच हिंदी वाक्य येते, पण विचार स्पष्ट असल्यामुळे अडचण होत नाही. अडचण होते ती टिपणांची. वाटलेल्या कागदांपैकी बरेचसे इंग्रजीत होते आणि ज्येष्ठ मंडळींना ते शेजारच्या विद्यार्थ्यांकडून समजून घ्यावे लागत होते. शुल्क घेऊन चालणाऱ्या वर्गाने एवढी तयारी करायला हवी.

पहिली संध्याकाळ टोंकिनच्या आखाताला दिली होती आणि ती निवड अचूक होती. २ ऑगस्ट १९६४ रोजी उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो नौकांनी ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी विनाशिकेवर हल्ला केला, याबद्दल वाद नाही. ४ ऑगस्टच्या रात्री ‘मॅडॉक्स’ आणि ‘टर्नर जॉय’ या दोन विनाशिकांनी दुसऱ्या हल्ल्याची खबर दिली. काही तासांतच तेथील कॅप्टन हेरिक यांनी वरिष्ठांना कळवले की विचित्र हवामान आणि ‘सोनार’ या पाण्याखालच्या ध्वनिशोधक यंत्राचे अतिउत्साही चालक यांच्यामुळे अनेक नोंदी संशयास्पद वाटतात, तेव्हा पुढचे पाऊल टाकण्याआधी सगळ्याची नीट छाननी व्हावी. वॉशिंग्टनमध्ये मात्र तोवर प्रतिहल्ल्याची तयारी पुढे गेली होती. त्याच रात्री अध्यक्ष जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून कारवाईची घोषणा केली आणि ७ ऑगस्टला अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) त्यांना व्यापक अधिकार देणारा ठराव संमत केला. सिनेटमध्ये त्याच्या विरोधात केवळ दोन मते पडली. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे आज सर्वमान्य आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या इतिहासकाराने केलेला आणि २००५ मध्ये खुला झालेला अभ्यास सांगतो की पकडलेले संदेश चुकीचे वाचले गेले होते, आणि जे संदेश हल्ल्याच्या बातमीशी जुळत नव्हते ते वर पोहोचलेच नव्हते.

कर्नलसाहेबांनी हे प्रकरण गोष्टीसारखे सांगितले नाही. त्यांनी एकेक संदेश वेळेच्या क्रमाने वाटला आणि प्रत्येकानंतर वर्गाला विचारले की या क्षणी आदेश द्याल का. हेरिक यांचा संदेश हाती आला तेव्हा बहुतेकांनी हल्ल्याचा आदेश आधीच लिहून ठेवला होता, आणि तो मागे घ्यायला फारच थोडे तयार झाले. त्यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न मला संपूर्ण वर्गाचा गाभा वाटतो: दोन दिवस थांबलो असतो तर आपले काय गेले असते? उत्तर व्हिएतनामची बंदरे कुठे पळून जाणार नव्हती आणि ‘मॅडॉक्स’वर एकही सैनिक दगावलेला नव्हता. घाई परिस्थितीने लादलेली नव्हती. निवडणुकीचे वर्ष आणि त्याच रात्री राष्ट्राशी बोलण्याची ठरलेली वेळ यांनी ती निर्माण केली होती.

यातून जी कसोटी तयार होते ती पुढे प्रत्येक प्रकरणाला लावली जाते. माहितीवर किती टक्के विश्वास आहे, हे विचारण्याच्या आधी थांबण्याची किंमत काय, ती कोणाला मोजावी लागेल आणि थांबलेल्या वेळात माहिती सुधारण्याची शक्यता किती, हे विचारायचे. निर्णय विश्वासाच्या टक्क्यांवर ठरतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ऐंशी टक्के विश्वास असतानाही थांबणे शहाणपणाचे असू शकते आणि चाळीस टक्के असतानाही कारवाई योग्य ठरू शकते. अॅबटाबादच्या घरात ओसामा बिन लादेन आहे की नाही याविषयी २०११ मध्ये ओबामांपुढे आलेले अंदाज चाळीसपासून पंचाण्णव टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रश्न शेवटी निम्म्यानिम्म्याचाच राहिला. तरीही ते एक घर होते, विमानातून बॉम्ब टाकण्याऐवजी माणसे पाठवली तर आत कोण आहे हे पाहून परत फिरता येणार होते, आणि वेळ गेला तर बातमी फुटण्याचा धोका वाढत होता. टक्केवारी तीच ठेवून घराच्या जागी एक संपूर्ण देश ठेवला, तर उत्तर बदलते.

इराकच्या २००३ च्या युद्धाला दोन संध्याकाळी दिल्या होत्या आणि त्या अपुऱ्या वाटल्या नाहीत. या प्रकरणाविषयी आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात: अमेरिका खोटे बोलली, किंवा अमेरिकेची फसगत झाली. कर्नलसाहेब या दोन्हींच्या पलीकडे जातात. ऑक्टोबर २००२ च्या अमेरिकी राष्ट्रीय गुप्तवार्ता अंदाजपत्रात इराकने अणुकार्यक्रम पुन्हा सुरू केला आहे असे मुख्य मजकुरात लिहिले होते. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने त्याच दस्तऐवजात आपली असहमती नोंदवली होती, आणि इराकने मागवलेल्या अॅल्युमिनियमच्या नळ्या सेंट्रीफ्यूजसाठी, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या फिरत्या यंत्रांसाठी, नसाव्यात असे ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांचे मत होते. म्हणजे ज्यांना सेंट्रीफ्यूज प्रत्यक्ष कळत होते त्यांचाच संशय बाजूला पडला. नंतर त्या नळ्या साध्या रॉकेटांसाठी होत्या हेच खरे ठरले.

इराककडे जैविक अस्त्रे बनवणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळा असल्याची कथा याहून बोधप्रद आहे. जर्मनीत आश्रय मागणाऱ्या ‘कर्व्हबॉल’ या सांकेतिक नावाच्या इराकी अभियंत्याने ती जर्मन हेरखात्याला सांगितली. अमेरिकी विश्लेषकांना त्याला स्वतः प्रश्न विचारण्याची संधी मिळाली नाही. त्याच्या कथनावर आधारलेले सुमारे शंभर अहवाल मात्र भाषांतरित होऊन त्यांच्या टेबलांवर आले. वाचणाऱ्याला शंभर अहवाल दिसतात. त्यांच्यामागे बोलणारा माणूस एकच असतो. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत या प्रयोगशाळांसाठी अनेक साक्षीदारांचा हवाला दिला. त्यांच्यापैकी एकाला अमेरिकेच्या संरक्षण गुप्तवार्ता संस्थेने आधीच्याच वर्षी बनावट माहिती देणारा ठरवले होते, पण तो इशारा भाषण तयार करणाऱ्यांपर्यंत पोहोचला नाही. कर्व्हबॉलने २०११ मध्ये स्वतःच सगळे रचलेले होते असे मान्य केले. इराकने नायजरकडून युरेनियम घेण्याविषयीची कागदपत्रे खोटी असल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या एल बरादेई यांनी ७ मार्च २००३ रोजी सुरक्षा परिषदेला सांगितले होते. युद्ध २० मार्चला सुरू झाले.

येथे कर्नलसाहेबांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली, जी मी इतरत्र फारशी ऐकलेली नाही. १९९१ च्या आखाती युद्धानंतर तपासनीस इराकमध्ये गेले तेव्हा, कोणालाच माहीत नव्हता एवढा मोठा गुप्त अणुकार्यक्रम त्यांना सापडला. म्हणजे त्या वेळी हेरखात्यांचा अंदाज कमी पडला होता. त्या नामुष्कीची आठवण असलेले विश्लेषक २००२ मध्ये बसले होते, आणि पुरावा सापडत नाही याचा अर्थ तो अधिक चांगला लपवला आहे, असा ते लावत होते. या विचारसरणीत कोणताही नवा पुरावा मत बदलू शकत नाही. नोव्हेंबर २००२ अखेरपासून संयुक्त राष्ट्रांचे मुख्य शस्त्रतपासनीस हान्स ब्लिक्स यांच्या पथकाने सातशेहून अधिक तपासण्या केल्या आणि सामूहिक संहाराच्या अस्त्रांचा ठोस पुरावा सापडला नाही. तरीही वॉशिंग्टनच्या मतावर त्याचा परिणाम झाला नाही. ७ मार्चला ब्लिक्स यांनी उरलेल्या कामाला काही महिने लागतील असे सांगितले होते. ब्रिटनच्या चिल्कॉट चौकशीने २०१६ मध्ये नेमके हेच नोंदवले की शांततामय मार्ग संपलेले नव्हते आणि धोक्याचे चित्र ज्या ठामपणे रंगवले गेले तो ठामपणा पुराव्यांना पेलणारा नव्हता. हे वाचून माझे मत पक्के झाले आहे: इराकमधील अपयशाचे मूळ खोट्या माहितीत जेवढे होते त्याहून अधिक, ती तपासण्याची चालू असलेली व्यवस्था मध्येच थांबवण्यात होते.

वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे लिफाफ्यांचा सराव. सहभागींचे गट करून प्रत्येक गटाला सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती मानले जाते. नाव न दिलेल्या एका शत्रुराष्ट्राविषयी एकामागून एक बंद लिफाफे मिळतात. प्रत्येक लिफाफा उघडल्यावर आपला अंदाज टक्क्यांत, आपला निर्णय एका वाक्यात आणि कोणाची असहमती असेल तर ती त्याच्या नावासह लिहायची, आणि मगच पुढचा लिफाफा मागायचा. पहिल्यात नदीकाठच्या एका चौकोनी इमारतीचे उपग्रहचित्र होते. दुसऱ्यात पळून आलेल्या एका तंत्रज्ञाची जबानी होती, पण ती तिसऱ्या एका मित्रराष्ट्रामार्फत आलेली होती. पुढे दूरध्वनीवरचे पकडलेले संभाषण, मग मातीचा नमुना, मग राजदूताचे पत्र. चौथ्या-पाचव्या लिफाफ्यापर्यंत सगळ्याच गटांचे टक्के चढत गेले. त्यानंतर आलेल्या कागदावर एवढेच होते की मित्रराष्ट्राकडून आलेली जबानी आणि राजदूताच्या पत्रातील ‘विश्वसनीय सूत्र’ हा एकच माणूस आहे.

यानंतरची चर्चा पाहण्यासारखी होती. काही गटांनी टक्के खाली आणले, पण निर्णय तोच ठेवला. ‘माहिती कमजोर झाली आहे, मग निर्णय का बदलत नाही, हे लेखी द्या,’ असे कर्नलसाहेबांनी सांगितले. एका गटातील तरुण मुलगा म्हणाला, ‘सर, आता मागे फिरलो तर आम्ही डरपोक दिसू.’ ज्यांचा मुलगा सीमेवर तैनात आहे अशा एक काकू त्याच्याच गटात होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘बाळा, आपण कसे दिसतो हे कोणत्या लिफाफ्यात होतं?’ कर्नलसाहेबांनी तो मुद्दा फळ्यावर लिहून घेतला आणि पुढच्या सगळ्या प्रकरणांत, निर्णयाचे कोणते कारण पुराव्यातून आले आणि कोणते प्रतिमेच्या काळजीतून, हे वेगळ्या रकान्यात लिहायला लावले. नावासह असहमती लिहिण्याच्या नियमाचाही परिणाम दिसला. सुरुवातीला सगळे गट एकमताने निर्णय देत होते. असहमतीची जागा कागदावर छापलेलीच आहे, ती रिकामी सोडली तर तसे का हे सांगावे लागते, हे कळल्यावर शांत बसणारी माणसे बोलू लागली.

या सरावाचा आराखडा सीरियातील अल-किबारच्या प्रकरणावरून घेतलेला होता, हे शेवटी सांगण्यात आले. युफ्रेटिसच्या काठी देइर एझ-झोरजवळ उत्तर कोरियाच्या योंगब्योनसारखी अणुभट्टी बांधली जात असल्याचे पुरावे २००७ मध्ये इस्रायलने अमेरिकेपुढे ठेवले. अमेरिकी हेरखात्याने दोन वेगळी उत्तरे दिली: ही अणुभट्टी आहे याबद्दल भक्कम खात्री, परंतु अण्वस्त्रनिर्मितीचा कार्यक्रम चालू आहे याबद्दल खात्री कमी, कारण इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा कारखाना किंवा बॉम्ब घडवणारे पथक यांचा माग लागला नव्हता. या फरकाच्या आधारे बुश यांनी हल्ला करायला नकार दिला. इस्रायलने ६ सप्टेंबर २००७ रोजी ती इमारत उद्ध्वस्त केली, कारण भट्टी एकदा सुरू झाली की तिच्यावरील हल्ल्याने नदीत किरणोत्सार पसरला असता आणि मग हल्ल्याची वेळ निघून गेली असती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०११ मध्ये ती बहुधा अणुभट्टीच होती असा निर्वाळा दिला. एकाच माहितीवर दोन सरकारांनी विरुद्ध निर्णय घेतले, आणि दोघांचीही कारणे तपासून पाहता येतात. थांबण्याची किंमत दोघांसाठी सारखी नव्हती, हे यात लख्ख दिसते. वस्तू काय आहे याची खात्री आणि तिच्यामागचा हेतू काय आहे याची खात्री या वेगळ्या मोजायच्या असतात, हेही या प्रकरणाइतके कोणतेच प्रकरण स्पष्ट करत नाही.

माझी असहमती आहे ती ओसिराकच्या मांडणीशी. ७ जून १९८१ रोजी इस्रायली विमानांनी बगदादजवळची फ्रेंच बनावटीची अणुभट्टी नष्ट केली. त्या उड्डाणाच्या कौशल्याचे वर्णन कर्नलसाहेबांनी मन लावून केले आणि ते ऐकण्यासारखेही होते, परंतु परिणामांची चर्चा दहा मिनिटांत आटोपली. सुरक्षा परिषदेने एकमताने या हल्ल्याचा निषेध केला होता, हा भाग मी तूर्त बाजूला ठेवतो. त्याहून मोठा प्रश्न असा की ओसिराकवर आंतरराष्ट्रीय देखरेख होती, फ्रेंच तंत्रज्ञ तेथे काम करत होते, आणि ती गेल्यानंतर इराकने अधिक माणसे व अधिक पैसा घालून, कोणाला दिसणार नाही असा युरेनियम समृद्धीकरणाचा कार्यक्रम उभा केला. १९९१ मध्ये सापडला तो हाच. यशस्वी हल्ल्यानेही पुढची माहिती आटू शकते, उघड्यावरची गोष्ट भूमिगत होऊ शकते, आणि दहा वर्षांनंतरचा अंदाज त्यामुळे बिघडू शकतो. ओसिराकपासून १९९१ च्या धक्क्यापर्यंत आणि तेथून २००२ च्या चुकीपर्यंत जाणारा हा धागा वर्गातच उपलब्ध होता. तो जोडून दाखवला गेला नाही, याची मला खंत वाटते. हल्ल्यानंतर आपल्याला शत्रूविषयी अधिक कळेल की कमी, हा प्रश्न लिफाफ्यांच्या कागदावर छापला गेलाच पाहिजे.

क्युबाच्या १९६२ च्या पेचाचे सत्र मात्र मी कधी विसरणार नाही. सोव्हिएत संघ क्युबात क्षेपणास्त्रे ठेवणार नाही असा अमेरिकी अंदाज १९ सप्टेंबरला लिहिला गेला. हेरखात्याचे प्रमुख जॉन मॅकोन यांचे स्वतःचे मत वेगळे होते. १४ ऑक्टोबरच्या यू-२ या टेहळणी विमानाच्या छायाचित्रांनी तो अंदाज खोटा ठरवला. त्यानंतर माहिती उत्तम होती. क्षेपणास्त्रे दिसत होती, मोजता येत होती, आणि केनेडींचे बहुतेक सल्लागार पहिल्या दिवशी हवाई हल्ल्याकडे झुकले होते. हल्ल्यात सगळी क्षेपणास्त्रे नष्ट होतील याची हमी देता येत नाही, असे वायुदलाकडून स्पष्टपणे सांगितले गेले, आणि केनेडींनी नाकेबंदीचा मार्ग धरला, जो पुढे कडकही करता येत होता आणि सैलही. अमेरिकनांना माहीत नव्हते ते पुढे अनेक वर्षांनी बाहेर आले. बेटावर त्यांच्या अंदाजाच्या कितीतरी पट, सुमारे ४०,००० सोव्हिएत सैनिक होते, आणि चढाई करणाऱ्या फौजेवर वापरता येतील अशी रणांगणी अण्वस्त्रेही तेथे पोहोचलेली होती. हे १९९२ च्या सुमारास उघड झाले तेव्हा त्या बैठकांना बसलेली माणसेही हादरली. अतिशय स्पष्ट छायाचित्रे समोर असतानासुद्धा सर्वांत घातक गोष्ट चौकटीच्या बाहेर होती. केनेडींना ती ठाऊक नव्हती. आपल्याला ठाऊक नसलेले काही असू शकेल यासाठी त्यांनी जागा ठेवली होती, आणि तिनेच जग वाचवले असे मला ठामपणे वाटते.

एवढे ऐकल्यावर थांबणे नेहमीच चांगले असा समज होण्याची भीती असते. म्हणून १९७३ चे प्रकरण त्याच्या लगेच नंतर ठेवले आहे, ही योजना विचारपूर्वक केलेली दिसते. इजिप्त आणि सीरिया हल्ला करणार नाहीत या गृहीतकाला इस्रायलचे लष्करी गुप्तवार्ता प्रमुख चिकटून राहिले. ६ ऑक्टोबरच्या पहाटे मोसाद या इस्रायली हेरसंस्थेच्या प्रमुखाकडून त्या दिवशी युद्ध सुरू होणार असल्याची पक्की बातमी आली. सरसेनापती एलाझार यांनी सीरियावर आधी हवाई हल्ला करण्याची परवानगी मागितली. पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी ती नाकारली, कारण पहिला वार आपण केला तर अमेरिकेची मदत मिळणार नाही असे त्यांचे गणित होते. दुपारी दोनच्या सुमारास युद्ध सुरू झाले आणि त्यात इस्रायलचे अडीच हजारांहून अधिक सैनिक मारले गेले. मेयर यांचा निर्णय बरोबर होता का, यावर वर्ग दुभंगला आणि कर्नलसाहेबांनी निकाल दिला नाही. माझ्या मते तो बरोबर होता, कारण त्या मदतीशिवाय पुढचे आठवडे निभावणे कठीण होते. पण ज्या घरांतून माणूस गेला त्यांना हे सांगणे सोपे नाही, हे वर्गातील पालकांच्या चेहऱ्यांवर दिसत होते, आणि त्यांच्यासमोर ही चर्चा झाली हे फार चांगले झाले.

आता तक्रार. भारतीय प्रकरणांना मिळून एकच संध्याकाळ होती. १९६१ च्या अखेरीस सीमेवर पुढे चौक्या नेण्याचे धोरण ठरले, ते चिनी सैन्य बळाचा वापर करणार नाही या गृहीतकावर. शत्रूच्या हेतूविषयीचा तो अंदाज २० ऑक्टोबर १९६२ ला कोसळला. याचा ऊहापोह अर्ध्या तासात उरकला. त्या पराभवाची हेंडरसन ब्रूक्स-भगत यांनी केलेली चौकशी सरकारने अजूनही अधिकृतपणे प्रसिद्ध केलेली नाही, त्यामुळे शिकवणाऱ्यालाही मर्यादा आहेत, हे मान्य. परंतु कारगिलबाबत तशी सबब नाही. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल, काही भाग वगळून, २००० पासून लोकांसमोर आहे. मे १९९९ मध्ये घुसखोर नेमके कोण याविषयी सुरुवातीला संभ्रम होता. २६ मे रोजी वायुदल उतरले, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही या अटीवर. त्याच सुमारास बीजिंगमध्ये असलेले मुशर्रफ आणि रावळपिंडीतील त्यांचे सहकारी अझीझ यांच्यातील संभाषण आपल्या हेरखात्याने टिपले आणि ११ जूनला सरकारने ते जगापुढे ठेवले. अनिश्चितता असताना कारवाईला स्वतःहून मर्यादा घालणे आणि खात्री झाल्यावर तीच माहिती राजनैतिक शस्त्र म्हणून वापरणे, हे दोन्ही इथे एकाच प्रकरणात सापडते. त्या मर्यादेची किंमत उंचावरच्या शत्रूकडे सरळ चढत गेलेल्या जवानांनी दिली, हेही त्याच प्रकरणात आहे. यावर स्वतंत्र दोन संध्याकाळी आणि लिफाफ्यांचा एक वेगळा संच हवा.

एका सहाध्यायांनी पानिपत घ्यावे असा आग्रह धरला होता. होळकरांच्या या गावात तो स्वाभाविकच आहे. कुंजपुरा जिंकून मराठी फौज उत्तरेत असताना ऑक्टोबर १७६० अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि बातमी वेळेवर आली नाही, हे त्यांनी मांडले. कर्नलसाहेबांनी नम्रपणे नकार दिला आणि तो योग्य होता. तेथे प्रश्न बातमी न मिळण्याचा आहे. मिळालेली बातमी तोलण्याचा नाही. विषयाची ही शिस्त त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

आंतरराष्ट्रीय कायद्याचे सत्र कोरडे झाले. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील स्वसंरक्षणाच्या हक्काचे ५१ वे कलम आणि १८३७ च्या ‘कॅरोलाइन’ जहाजाच्या प्रकरणातून आलेली, धोका तत्काळ आणि अटळ असावा ही अट, एवढे समजले. ते बाकीच्या प्रकरणांना लावून दाखवले असते तर उपयोग झाला असता. त्याऐवजी तो वेळ सुदानच्या खार्टूममधील अल-शिफा या औषध कारखान्याला द्यावा असे मी सुचवेन. २० ऑगस्ट १९९८ रोजी अमेरिकेने क्रूझ क्षेपणास्त्रांनी तो पाडला. रासायनिक अस्त्राच्या घटकाचा अंश तेथून घेतलेल्या मातीच्या नमुन्यात सापडला, हा त्यामागचा मुख्य आधार होता. तेथे अस्त्रे बनत होती याचा निर्णायक पुरावा पुढे कधीच समोर आला नाही. औषधे बनत होती हे निश्चित होते, आणि गरीब देशाच्या औषधपुरवठ्यातील मोठा वाटा एका रात्रीत गेला. वर्गात याचा उल्लेख दोन वाक्यांत झाला. चुकीच्या कारवाईची किंमत आपण बहुतेक वेळा कारवाई करणाऱ्या देशाच्या प्रतिष्ठेत मोजतो. ती समोरच्या देशातील रुग्णालयांत मोजायला शिकवणारे प्रकरण असे दोन वाक्यांत जाऊ नये.

नाव नोंदवू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. सभागृह वरच्या मजल्यावर आहे आणि उद्वाहन नाही, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी कळवावे. खाली बसण्याची सोय करू असे आयोजकांनी सांगितले आहे. विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत मिळते. लिफाफ्यांचा सराव मध्येच सोडून जाता येत नाही, म्हणून त्या संध्याकाळी दुसरे काम ठेवू नये. पुढच्या तुकडीत टिपणे मराठीत देण्याचे आश्वासन मिळाले आहे, आणि ती भाषांतरित करण्यासाठी आम्हा काही जणांनी वेळ देण्याची तयारी दाखवली आहे. सुरुवात कारगिल समितीच्या अहवालातील गुप्तवार्तेविषयीच्या प्रकरणापासून करावी, असा माझा आग्रह राहील.